कारखाना, दूध संघ, कंपनी: चेअरमनच्या स्वभावावर चालतात का?

रंकाळा_कट्टा
माझं मत सरळ आहे. संस्था कशी वागते हे चेअरमन कसा आहे यावर ठरतं. ऊस नियंत्रण आदेश 1966 चा, सगळ्या कारखान्यांना एकच. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत बिल, नाही दिलं तर 15 टक्के व्याज. तरी एका कारखान्याचं बिल वेळेवर जमा होतं आणि शेजारच्याचं लटकतं. पाऊस तोच, साखरेचा भाव तोच. मग फरक माणसाचाच ना? एकाला शेतकऱ्याला तोंड दाखवायचं असतं, दुसरा हंगाम संपला की फोन उचलत नाही.

संस्था_सचिव
दादा, नाही पटत. भाव एक असला तरी कर्ज एक नसतं. ज्याची डिस्टिलरी आणि कोजन (बगॅसवर वीजनिर्मिती) चालू आहे त्याच्याकडे पैसा खेळता असतो. ज्याची साखर बँकेकडे तारण आहे आणि त्यावर बँकेकडून आलेली उचल जुन्या हप्त्यांतच जाते, तो कितीही भला असला तरी बिल कुठून काढणार?

मी दुधातला माणूस, त्यातलं सांगतो. गोकुळचे, म्हणजे आमच्या कोल्हापूर जिल्हा दूध संघाचे, संचालक निवडताना साधा उत्पादक मत देत नाही. गावच्या दूध संस्थेनं ज्याच्या नावानं ठराव केला तो ठरावधारक देतो. त्या एका ठरावासाठी गावात भावकी फुटलेली मी बघितली आहे. 2021 ला सत्तांतर झालं, 21 पैकी 17 जागा विरोधी आघाडीनं घेतल्या. पण दूध बिल आधीही दर दहा दिवसांनी होतं, आजही आहे. ते चुकलं तर सकाळी काट्यावर किटली घेऊन आलेली बाई पहिला जाब मला विचारते, आणि मी संचालकाला. नेते बदलले, पण ही साखळी तीच राहिली.

रंकाळा_कट्टा
मग 2018 चं मल्टिस्टेट, म्हणजे गोकुळ एकाहून जास्त राज्यांचा संघ करायचा घाट? कार्यक्षेत्र कर्नाटकात वाढवा असं कोणत्या उत्पादकानं मागितलं होतं? ते वरून आलं.

संस्था_सचिव
वरून आलं, आणि खालच्या विरोधानं गुंडाळावं लागलं. माझा मुद्दा तोच आहे.

शिरोली_फाउंड्री
सहकारात मतं मोजावी लागतात म्हणून नेता दबतो. खासगीत तसं नसतं. पश्चिम बंगालात सिंगूरला टाटांच्या नॅनो गाडीचा कारखाना बराचसा उभा राहिला होता. ऑक्टोबर 2008 मध्ये रतन टाटांनी तो सोडला आणि साणंद गाठलं. जमिनीचं आंदोलन हे राजकारण होतं, गुजरातनं तयार जमीन दिली हे गणित होतं, पण एवढा पैसा घातलेली जागा सोडायला तसाच माणूस लागतो. आमच्याकडे शिरोलीच्या ओतकाम कारखान्यांत वीजदर वाढला की कर्नाटकात जायची भाषा होते. तरी बहुतेकजण इथेच आहेत, कारण साचा भरणारा मोल्डर, नमुना बनवणारा पॅटर्नवाला, मशीनशॉप सगळं हाकेच्या अंतरावर आहे. त्यात मालकाचा स्वभाव कुठे आला?

संस्था_सचिव
बरोबर. म्हणून मी माणूस कसा आहे हे नंतर बघतो, आधी ताळेबंद मागतो.

रंकाळा_कट्टा
ताळेबंद अहवालात छापून येतोच हो. पण वार्षिक सभेत त्यावर प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात माइक द्यायचा, की ‘मंजूर, मंजूर’च्या घोषणांत विषय उरकायचे, हे कोण ठरवतं? ताळेबंद दोन्हीकडे सारखा असला तरी एका सभेत उत्तर मिळतं आणि दुसऱ्या सभेत खुर्च्या उचलल्या जातात.