जुनी फोर बाय फोर ऑइल पिते म्हणून लगेच इंजिन उघडायचं काय?

फुफाटा_एक्सप्रेस (घाटंजी):
अडीच लिटरचं टर्बो डिझेल, वीसेक वर्षं जुनी गाडी. वावरात, पांदणीनं, कापूस घेऊन जिनिंगला, सगळीकडे जाते. हल्ली हजार किलोमीटरला लिटरभराच्या वर ऑइल मागून राहिली. मिस्त्री म्हणतो, हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदला. माझं मत असं की ऑइल किती जातं आणि कुठून जातं, हे कळल्याशिवाय इंजिन उचलायची चेनकुप्पी लावूच नये. आपल्याकडे मोजतं कोण? गाडी उतारावर उभी, इंजिन नुकतंच बंद केलेलं, त्यात ऑइल मोजायची काठी बुडवायची आणि "कमी आहे" म्हणून कॅनच उपडा करायचा. काठीवरच्या मॅक्सच्या खुणेवर ऑइल गेलं की खाली फिरणारा क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडतं. मग म्हणा, इंजिन ऑइल पिते.

जुना_मिस्त्री (परतवाडा):
भाऊ, मोजा ना, कोण नाही म्हणते? पण फिलर कॅप उलटी ठेवून पाहा. थडथड उडत असेल, भकाभका हवा मारत असेल तर ते बॅक कंप्रेशन हाये, पिस्टनच्या वरचा दाब खाली उतरते. म्हणजे रिंगा गेल्या. लोक आधी टर्बो बदलतात, मग सील, मग ऑइल जाडं टाकतात, आणि शेवटी माझ्याच दारात. तोवर अर्ध्या इंजिनाचा पैसा गेलेला असते. वीस वर्षांचं इंजिन हाये, बोअर (पिस्टन फिरते ते भोक) घासणारच.

पाना_बारा_तेरा (हिंगणघाट):
कॅप उडते म्हणजे रिंगाच, हे मला पटत नाही. या जुन्या डिझेलांमध्ये अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो. ब्रेकचा पाय हलका करणाऱ्या बूस्टरमधली हवा ओढून तो ऑइलच्या परतीच्या पाइपातून इंजिनात सोडतो. बूस्टरचा पडदा फाटला किंवा त्याचा पाइप चिरला की पंप सारखा बाहेरची हवा ओढत राहतो आणि ती सगळी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भागात, जाते. रिंगा ठणठणीत असल्या तरी कॅप नाचते. गाडी जागेवर उभी ठेवून, बूस्टरकडून येणारा पाइप काढून पंपाचं तोंड बंद करा आणि कॅप पुन्हा पाहा. फरक पडला तर इंजिनाला हात लावू नका. (त्या अवस्थेत गाडी हलवू नका, ब्रेक दगड होतो.)

टर्बोचंही तसंच. त्यातलं ऑइल स्वतःच्या वजनानं खाली चेंबरमध्ये उतरते. चेंबरमध्ये हवेचा दाब वाढला की ते उतरत नाही, सीलमधून हवेच्या पाइपात नाहीतर सायलेन्सरकडे जाते. नवा टर्बो टाकला तरी धूर तसाच. इथं मिस्त्रीकाकांचं बरोबर आहे, टर्बो बदलून उपयोग नसतो. पण कारण दरवेळी रिंगाच नसतात.

घाटरस्ता (धारणी):
सोपी पारख सांगतो. चिखलदऱ्याचा घाट गिअरवर उतरा, खाली आल्यावर रेस द्या. निळा धूर, म्हणजे जळलेलं ऑइल, आला तर वॉल्व गाइड (वॉल्वची दांडी सरकते ती नळी) गेले.

पाना_बारा_तेरा:
ती पेट्रोलची पारख झाली, दादा. पेट्रोलला थ्रॉटलची झडप असते, ती मिटली की हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होऊन गाइडमधून ऑइल खेचलं जाते. या डिझेलात झडपच नाही, तर ओढ कुठली? गाइड पाहायचे तर रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सेल मारा. एकच निळा लोट निघून साफ झालं तर गाइड-सीलवर संशय घ्या. चढावर, लोडमध्ये सारखा निळा राहिला तर रिंगा किंवा टर्बो. काळा धूर ऑइलचा नसतोच.

कपाशी_आणि_गिअर (वणी):
ट्वेन्टी-फिफ्टीचं जाडं ऑइल टाका, मोकळे व्हा.

जुना_मिस्त्री:
डिसेंबरच्या सकाळी ट्वेन्टी-फिफ्टीवर टर्बोला ऑइल किती उशिरा पोचते, ते पाहिलं का कधी?

आणि फुफाटाभाऊ, धुळीचं कोणी बोललंच नाही. तुमच्या नावातच हाये. पांदणीतून फिरणाऱ्याचा एअर फिल्टर रोज फुंकला जाते, फुंकून फुंकून पेपर फाटते. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात आतून बोट फिरवा. तेलकट लागलं तर ठीक, ब्रीदरचं थोडं येतेच. खरखर लागली तर माती आत गेली. मग बूस्टर तपासा की पंप तपासा, रिंगा अन् बोअर खाल्लेलेच हायेत. इथं माझं म्हणणं सोडत नाही.

फुफाटा_एक्सप्रेस:
काका, हे मान्य. मातीला उत्तर नाही. पण कंप्रेशन पाहून ठरवू म्हटलं तर?

पाना_बारा_तेरा:
कंप्रेशन बरोबर आलं तरी खूश होऊ नका. दाब धरतात वरच्या रिंगा. ऑइल खरवडणारी खालची रिंग कार्बननं चिकटली असेल तर गेज चांगलं दाखवते आणि ऑइल जातच राहते. आणि खाली वाकून पाहा. बेल हाउसिंगखाली, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाखाली, थेंब दिसला तर बोटावर घेऊन वास घ्या. उग्र गंधकासारखा असेल तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्स नाहीतर ट्रान्सफर केसकडचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी). तसा वास नसून काळं असेल तर क्रँकचं मागचं सील, मग धुरात कारण शोधण्यात अर्थ नाही.

फुफाटा_एक्सप्रेस:
मोजणी सुरू केली. सपाट ओट्यावर, रात्रभर उभी ठेवून, मापाच्या भांड्यानं. उद्या पंपाचं तोंड बंद करून पाहतो.

जुना_मिस्त्री:
पाहा. पाइपात खरखर निघाली तर दिवाळीच्या आधीच या. एकदा वेचणी लागली की माझ्या शेडात ट्रॅक्टरच उभे राहतात.