मदत हवी आहे : समूहावर येणाऱ्या निधनवार्ता आणि आर्थिक मदतीची आवाहने कशी हाताळावीत?

नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप समूह मी आणि माझे काही वर्गमित्र मिळून सांभाळतो. त्यात यंत्रमागावर काम करणारे आहेत, गणवेश शिवणारे आहेत, विड्या वळणाऱ्या आहेत, बँकेत आणि शाळांत नोकरी करणारे आहेत, आणि पुणे, भिवंडी, हैदराबाद येथे स्थायिक झालेलेही पुष्कळ आहेत. कोणाच्या घरी तेलुगू बोलतात, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी उर्दू. समूहावर मात्र सर्वजण मराठीतच लिहितात. बहुतेकांनी आता पन्नाशी ओलांडली असल्यामुळे निधनाची बातमी आली नाही असा महिना क्वचितच जातो, आणि तिच्या पाठोपाठ बहुधा मदतीचे आवाहनही येते. या दोन्हींसाठी लेखी नियम करावेत असे आम्ही ठरवले असून मसुदा करताना जिथे आमचे एकमत होत नाही ते मुद्दे येथे मांडत आहे. ज्यांनी सोसायटीचा, ज्ञातिसंस्थेचा किंवा कामगारांचा असा एखादा समूह सांभाळला आहे, त्यांनी आपला अनुभव अवश्य सांगावा.

पहिला प्रश्न बातमी कोणी आणि केव्हा द्यावी हा आहे. सध्या ज्याला कळते तो लगेच टाकतो. मध्यंतरी आमच्या एका वर्गमित्राचे रात्री रुग्णालयात निधन झाले. त्याचा मुलगा पुण्याहून एकटाच गाडी घेऊन निघाला होता आणि रस्ता अडीचशे किलोमीटरचा असल्यामुळे आईने त्याला ‘बाबांची तब्येत जास्त आहे, ये’ एवढेच सांगितले होते. टेंभुर्णीजवळ तो चहासाठी थांबला, फोन उघडला आणि वडिलांचा हार घातलेला फोटो त्याच्यासमोर आला. आमच्या समूहातून कोणीतरी तो पुढे पाठवला होता. पाठवणाऱ्याच्या मनात आपुलकीच होती, हे मला ठाऊक आहे. तरीही पुढचे शंभर किलोमीटर त्या मुलाने कसे काढले असतील याचा विचार मनातून जात नाही. दुसऱ्या एका प्रसंगी व्हेंटिलेटरवर असलेल्या आमच्या निवृत्त शिक्षकांना लोकांनी श्रद्धांजली वाहिली, आणि ‘बाबा अजून आहेत’ असे त्यांच्या मुलीला आयसीयूच्या बाहेर बसून लिहावे लागले.

म्हणून मसुद्यात असे लिहिले आहे की बातमी घरातील व्यक्तीने किंवा प्रत्यक्ष घरी पोहोचलेल्या सभासदाने समूहचालकांना कळवावी, मुले आणि भावंडे यांना कळवून झाले आहे का एवढे विचारून घ्यावे, आणि मगच ती समूहावर द्यावी. काही सभासदांचा याला विरोध आहे आणि त्यांचे म्हणणेही खोटे नाही. अंत्यविधी अनेकदा चार-पाच तासांत उरकतो, मुस्लिम कुटुंबांत दफनविधी शक्य तितक्या लवकर केला जातो, आणि बातमी अडकून पडली तर खांदा द्यायला जाऊ इच्छिणारा माणूस मुकतो. माझे मत असे आहे की अर्ध्या-पाऊण तासाचा उशीर परवडतो. घरच्या माणसाला परक्याच्या स्टेटसवरून कळणे परवडत नाही.

बातमीचा नमुना ठरवणे त्या मानाने सोपे गेले. पूर्ण नाव, कोणत्या वर्षाची तुकडी, अंत्ययात्रा किती वाजता आणि कोठून निघणार, अंत्यविधी मोदी स्मशानभूमीत आहे की रूपाभवानी स्मशानभूमीत, की लिंगायत किंवा मुस्लिम कुटुंब असल्यास दफनविधी कोठे आहे, आणि ज्याला फोन करता येईल अशा एका मित्राचे नाव, इतकेच त्यात असावे. पत्नीचा किंवा मुलांचा मोबाईल क्रमांक देऊ नये, कारण हा संदेश समूहात राहत नाही, गावभर फिरतो. मृत्यूचे कारण घरच्यांनी सांगितले तरच लिहावे, आणि आत्महत्येची घटना असेल तर कारण, पद्धत, तर्क यांपैकी काहीही लिहू नये. वेळ आणि ठिकाणाचा संदेश २४ तासांसाठी पिन केला की तो शे-दीडशे हात जोडलेल्या चिन्हांखाली गाडला जात नाही. पूर्वी तो हमखास गाडला जायचा आणि लोक पुन्हापुन्हा ‘अंत्ययात्रा किती वाजता?’ असे विचारत राहायचे. याबाबत कोणाकडे अधिक चांगली पद्धत असेल तर सुचवावी.

खरी अडचण पैशांच्या आवाहनांची आहे. बाहेरून फिरत आलेली आवाहने सरळ काढून टाकावीत, यावर आमच्यात दुमत नाही. एखाद्या आजारी बालकाचा खरा फोटो आणि खरी कहाणी घेऊन खालचा क्यूआर कोड तेवढा बदलला जातो, आणि बालक बरे झाले किंवा गेले तरी संदेश वर्षानुवर्षे फिरत राहतो. पैसे गेल्याचे लक्षात आल्यास १९३० या सायबर हेल्पलाईनवर ताबडतोब तक्रार करावी आणि पैसे मिळण्यासाठी कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही, ही दोन वाक्ये आम्ही समूहाच्या माहितीतच लिहून ठेवणार आहोत.

आपल्याच सभासदाच्या कुटुंबासाठी आवाहन येते तेव्हा मात्र पडताळणी कशी करावी हे कळत नाही. नवरा जाऊन दोन दिवस झालेल्या बाईकडे रुग्णालयाचे बिल मागायचे का? न मागावे तर उद्या कोणी विचारल्यावर काय सांगायचे? मला सुचलेला मार्ग असा की कागद घरच्यांकडून मागूच नयेत. त्या भागात राहणाऱ्या दोन सभासदांनी घरी भेटून यावे, रुग्ण दाखल असेल तर रुग्णालयातही जावे, आणि ‘आम्ही स्वतः जाऊन आलो’ असे आपल्या नावानिशी समूहावर लिहावे. यात त्या दोघांवर मोठी जबाबदारी येते आणि प्रत्येक वेळी माणसे मिळतीलच असे नाही. कोणी याहून कमी बोचणारी पद्धत वापरली असेल तर ती मला हवी आहे.

पैसे कोणाच्या खात्यात घ्यावेत, यावरही वाद आहे. समूहचालकाच्या खात्यात मुळीच घेऊ नयेत असे माझे ठाम मत आहे, कारण माणूस कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या खात्यात आलेल्या रकमेचा हिशेब आयकर खात्यालाही द्यावा लागू शकतो आणि गल्लीलाही. दिवंगत व्यक्तीच्या खात्याचा किंवा फोन क्रमांकाचा क्यूआर कोड तर कधीच देऊ नये. बँकेला मृत्यूची सूचना मिळाली की त्या खात्याचे व्यवहार थांबतात आणि दाव्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत पैसे आत अडकतात. राहिले पत्नीचे किंवा मुलांचे खाते. तेथेही एक खाच आहे : पूर्ण केवायसी न झालेल्या छोट्या खात्यात ५० हजार रुपयांपेक्षा अधिक शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एकूण एक लाखापेक्षा अधिक रक्कम जमा होऊ शकत नाही, त्यामुळे आवाहन करण्यापूर्वी कोणीतरी त्यांच्यासोबत बँकेत जाऊन यायला हवे. शिवाय नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षाला ५० हजार रुपयांहून अधिक मदत मिळाली तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. ज्यांचे एकूण उत्पन्नच करपात्र मर्यादेच्या आत आहे त्यांना प्रत्यक्ष कर लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण नोंद कशी ठेवावी, हे येथील करसल्लागारांनी सांगितल्यास उपकार होतील.

आता ज्या गोष्टीचे मला सर्वांत वाईट वाटते ती सांगते. आमच्याकडे देणगीदारांची यादी रकमेसह समूहावर टाकण्याची पद्धत पडली आहे. पुण्यातील सॉफ्टवेअर कंपनीतला मित्र पाच हजार एक देतो, त्याच्याखाली कोणाचे एकावन्न असतात. ते एकावन्न त्या आठवड्याच्या मजुरीतून काढलेले असतात आणि यादी वाचणाऱ्यांपैकी अनेकांना हे दिसत नाही. मागच्या आवाहनाच्या वेळी विड्या वळणारी माझी एक मैत्रीण समूह सोडून गेली. फोन केला तेव्हा तिने सांगितले, ‘दर वेळी द्यायला जमत नाही गं, आणि नाव नसलं की लोक विचारतात.’ यादी जाहीर केल्याने इतरांना देण्याची प्रेरणा मिळते, असे यादीच्या बाजूचे सभासद म्हणतात, आणि पारदर्शकपणाचा मुद्दाही त्यांनी काढला आहे. माझी सूचना अशी की एकूण रक्कम तेवढी समूहावर सांगावी, आणि तपशील कुटुंबातील एक व्यक्ती व दोन सभासद यांनी पाहून खात्री करावी. तपशील न दाखवता विश्वास टिकतो का, हे ज्यांनी करून पाहिले आहे त्यांच्याकडून ऐकायचे आहे.

आवाहनाला मिळणारा प्रतिसादही सारखा नसतो. ज्याचा मित्र चांगले लिहितो, ज्याचा फोटो हसरा असतो, जो स्नेहसंमेलनात पुढे पुढे असायचा, त्याच्या कुटुंबासाठी दोन दिवसांत भरघोस रक्कम उभी राहते. शाळेत शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, सातवीत शाळा सोडून मागावर गेलेल्या माणसासाठी कोणी चार ओळीही लिहीत नाही. गरज दोघांचीही तेवढीच, किंबहुना दुसऱ्याची जास्तच. यावर उपाय म्हणून दरमहा ऐच्छिक वर्गणीचा कायमस्वरूपी निधी उभारून प्रत्येक कुटुंबाला ठरावीक समान रक्कम द्यावी, असा विचार पुढे आला आहे. पण असा निधी म्हटला की संस्था नोंदवणे, धर्मादाय कार्यालय, दरवर्षीचे लेखापरीक्षण हे सर्व आले, आणि ते सांभाळणारी माणसे आमच्याकडे थोडी आहेत.

वर्गणीच्या आधी हक्काचे पैसे शोधावेत, असाही एक नियम मी सुचवला आहे, आणि तो मान्य व्हावा असे मनापासून वाटते. आमचा गणवेश शिवणारा एक मित्र गेला तेव्हा आवाहनाचा मजकूर तयार होता. बँकेत काम करणारी आमची वर्गमैत्रीण त्याच्या घरी गेली, तिने त्याचे पासबुक मागून घेतले आणि मे महिन्यातील ४३६ रुपयांच्या वजावटीवर बोट ठेवले. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता होता, म्हणजे दोन लाखांचा विमा होता आणि घरात कोणालाच त्याची माहिती नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते की मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून दाखला घ्यावा, पासबुकात या विम्याच्या ४३६ आणि सरकारी अपघात विम्याच्या २० रुपयांच्या नोंदी पाहाव्यात, भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याला जोडलेल्या विम्याची चौकशी करावी, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावती व्यक्ती १८ ते ५९ या वयात गेली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेच्या २० हजार रुपयांसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा. उपचार चालू असतील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत तर दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात राखीव असतात. या कामासाठी समूहातीलच तीन-चार माणसे तयार करावीत असे वाटते.

कायदेशीर बाजूबद्दल एवढे वाचले आहे की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी समूहचालकाला केवळ तो समूहचालक आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले होते. परंतु आम्ही स्वतः पडताळणी करून पैशांचे आवाहन प्रसृत केले आणि पुढे त्यात काही गैर निघाले, तर आमची जबाबदारी कितपत येते? आणि एका कुटुंबापुरती, त्यांच्याच खात्यात मदत गोळा करण्यासाठीही धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते का, की ती गणेशोत्सवासारख्या सार्वजनिक वर्गणीपुरतीच आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे वकील किंवा विश्वस्त म्हणून काम केलेल्या सभासदांनी द्यावीत. कायमस्वरूपी निधी चालवणाऱ्यांनी वर्गणी किती ठेवली, ती चुकवणाऱ्याच्या कुटुंबाला मदत दिली की नाही, आणि त्यावरून भांडणे झाली तेव्हा काय केले, तेही लिहावे. मसुदा पुढील बैठकीत ठेवायचा आहे, तोपर्यंत आलेली प्रत्येक सूचना त्यात घेण्याचा प्रयत्न करीन.