छात्राध्यापक असताना वर्गात काय शिकलात? आपापले अनुभव सांगा

डी.एल.एड.च्या (शिक्षक पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात इंटर्नशिप सुरू आहे. पाठ टाचण कॉलेजात घोटून घेतलं, उद्दिष्टं, साहित्य, फलकलेखन सगळं, पण हजेरी कशी घ्यायची हे कोणीच सांगितलं नाही. पहिल्या दिवशी रजिस्टरात मान घालून नावं वाचत गेलो अन् एका पोराचं 'हजर सर' त्याचा दोस्तच म्हणून रायला होता, पोरगा तिकडे मायसोबत कापूस वेचायला गेलेला. सुट्टी झाल्यावर गुरुजी एवढंच म्हणाले, नाव घेतलं का पोराच्या तोंडाकडं पाय बापू. आता पाहतो अन् मगच खूण करतो. कोणाचे डोळे आलेत, कोण उपाशी आलं, तेवढ्यातच समजते. तुम्हाला असं काय काय शिकावं लागलं?

धारणी तालुका
माझ्याकडे पहिली होती, सगळी कोरकू लेकरं. पाणी प्यायची सुट्टी झाली, मी तीनदा सांगितलं, 'पाणी पिऊन या', कोणी हलेना. मला वाटलं घाबरतात. खिचडीवाल्या मावशी दारातून नुसतं 'डा' (कोरकूत पाणी) म्हणाल्या तशी अर्धी पोरं उठून माठाकडे पळाली. त्या रात्री मावशींकडे बसून ये, बस, जेव, बाहेर जा एवढे शब्द वहीत लिहून घेतले. फार रडायला आलं होतं, कारण आठवडाभर ती लेकरं माझ्यामुळे तहानलेली बसली असतील.

भंडारा जिल्हा
हजेरीचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150, म्हणजे हजेरी झाल्याशिवाय तांदूळ मोजताच येत नाही. एक दिवस उशीर झाला म्हणून मी चौथी-पाचवीचा अंदाजाने 34 आकडा सांगितला, पोरं होती 38. रांगेतल्या शेवटच्या चौघांसाठी मावशींनी गंजाचा तळ खरवडला, खरपुडी निघाली. शेवटची पोरगी ताट धरून माझ्याकडे बघत होती, काही बोलली नाही. सही केलेलं चव रजिस्टर माझ्या हातात होतं, खिचडी छान झाली असं मीच लिहिलेलं. त्यानंतर कितीही घाई असो, डोकी मोजूनच आकडा देते, आज नोकरीला नऊ वर्षं झाली.

वाशीम
खडू मोडून घेत जा, किरकिरत नाही. आणि तिरपं उभं राहून लिहायचं, पूर्ण पाठ फिरवली की वर्ग गेला.

दारव्हा (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. उद्यापासून तिसरी-चौथी एकत्र मिळणार आहे. तिसरीला गणित सांगेन तोवर चौथीला काय देऊ?

निवृत्त शिक्षक, मूर्तिजापूर
आधी चौथीला बसव. फळ्यावर मधोमध रेघ ओढ, उजवीकडे त्यांची पाच उदाहरणं परिपाठाच्या आधीच लिहून ठेव, मग तिसरीकडे वळ. दर दहा मिनिटांनी एक चक्कर मार अन् निदान दोघांची वही हातात घेऊन बघ.