टाचदुखी : वारीला २१ दिवस राहिलेत, लवकर सांगा

पायवाट : डॉक्टर म्हणाले प्लांटर फॅसायटिस, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा पट्टा दुखावलाय. दीड महिना झाला, गोळ्या संपल्या, दुखणं तसंच. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलंय म्हणे. इंजेक्शन घेऊन टाकू का? दिंडीत नाव दिलंय, पैसे भरलेत. ज्याला खरंच बरं वाटलंय त्यानेच लिहा, ज्ञान नको.

गुंडोपंत : गरम विटेवर रुईचं पान, त्यावर टाच दाबून धरायची. आमच्या आईची टाच आठ दिवसांत गेली. (दुखणं गेलं, टाच आहे.)

सईची_आई : दुखतं कधी? सकाळची पहिली पावलं जीव काढतात आणि मग सैल पडतं, तसं? की मुंग्या येतात? एक पाय की दोन्ही? वजन?

पायवाट : सकाळीच. पलंगावरून पाय टेकला की खिळा. डावा. वजन बरं आहे.

अवलिया : बरं म्हणजे किती?

पायवाट : ९१. मुद्द्याचं बोला.

सईची_आई : मी आठ महिने काढलेत यात. हाडाचं मनावर घेऊ नका, न दुखणाऱ्या टाचांतही ते दिसतं. सकाळी पाय खाली टेकवण्याआधी बोटं हाताने नडगीकडे ओढून धरा, १० सेकंद, १० वेळा. दिवसातून तीनदा. शिवाय भिंतीला हात लावून, मागचा गुडघा ताठ, टाच जमिनीवर, अशी पोटरी ताणायची. घरातसुद्धा फरशीवर अनवाणी नाही, मऊ चप्पल. पण २१ दिवसांत? महिने लागतात हो.

दशमूळ : आयुर्वेदात याला वातकंटक म्हणतात. अग्निकर्म (तापल्या सळईचा चटका) करून घ्या, एका बैठकीत फरक.

सईची_आई : केलं होतं. फरक चार दिवस टिकला.

दशमूळ : एकाच बैठकीत सोडलंत ना? मग!

गुंडोपंत : रुईचं पान फुकट मिळतं.

कोकणकडा : रात्री कोकमाचं तेल कोमट करून चोळा. भेगा भरून येतात.

पायवाट : मला भेगा नाहीत.

कोकणकडा : वारीत पडतील.

अवलिया : दीड महिन्यापूर्वी काय बदललं? आणि पायात काय असतं?

पायवाट : काही नाही बदललं. वारीचा सराव चालू केला, रोज १२ किमी. कोल्हापुरी. त्याआधी स्कूटर.

अवलिया : अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! शुगर वगैरे?

पायवाट : आहे, गोळी चालू आहे. टाचेशी काय संबंध?

सईची_आई : वीट आजच बाजूला ठेवा! शुगरमध्ये तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते, भाजलं तरी कळत नाही. इंजेक्शन स्टिरॉइडचं असणार, त्याने साखर काही दिवस चढते. क्वचित तळव्याचा तो पट्टाच फाटतो, आणि तुम्ही त्यावर दिवे घाट चढणार. डॉक्टरांना शुगर आणि वारी दोन्ही सांगितलंत का?

पायवाट : विचारलं नाही त्यांनी.

गुंडोपंत : आईलाही शुगर होती, काही झालं नाही.

अवलिया : सराव थांबवा, बूट घ्या, डॉक्टरांना परत गाठा. दिवे घाटाचा पुणे-सासवड टप्पा गाडीने करा, पंढरपूरजवळच्या वाखरीपासून चाला. आमच्या दिंडीच्या सामानाच्या ट्रकात जागा असते, पण बसणाऱ्याने स्वयंपाकाला हात लावायचा. पोळ्या येतात?

पायवाट : भाकरी येते. बसून थापली तर चालेल का?