मदत हवी आहे: कॅलगरीत रोजच्या बर्फातही आणि हायकिंगलाही चालतील असे बूट कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

बायको आणि मी यंदा उन्हाळ्यात कॅनडातल्या कॅलगरीला आलो, आता पहिला हिवाळा तोंडावर आलाय आणि बुटांचं काही ठरत नाहीये. गाडी अजून घेतलेली नाही, त्यामुळे रोज घर ते सी-ट्रेन (इथली शहरातली रेल्वे) स्टेशन चालत, मग प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत उभं राहायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. आणि सुट्टीच्या दिवशी मित्राबरोबर जवळच्या डोंगरांत, बॅन्फ नाहीतर कॅनानास्किसला जायचा बेत आहे. आम्ही दोघं नाशिकचे, हरिहर, साल्हेर, कळसूबाई करत मोठे झालोय, त्यामुळे एवढा लांब हिवाळा घरात बसून काढणं आम्हाला शक्यच नाही. बॅन्फमधल्या जॉन्स्टन कॅनियन या घळीतले गोठलेले धबधबे तर बघायचेच आहेत.

बजेट माणशी साधारण अडीचशे डॉलर, म्हणजे सध्या एकेकच जोड. सह्याद्रीतले अॅक्शन ट्रेकिंगचे बूट बरोबर आणलेत, कातळावर त्यांची पकड जबरदस्त आहे आणि माझा त्यांच्यावर फार जीव आहे, पण आत ऊब देणारं काहीच नाही, पाणीही आत येतं, मायनस २५ ला ते चालणार नाहीत हे कळतंय.

दुकानात दोन प्रकार दिसले. एक ते जाडजूड, खाली रबर आणि आत काढता येणारं फेल्टचं अस्तर असलेले पॅक बूट, सोरेल, बॅफिन वगैरे कंपन्यांचे. उबदार आहेत पण घालून चाललो तर टाच आत वरखाली होते, चढावर नक्की फोड येणार असं वाटलं. दुसरे हायकिंग बुटांसारखेच पण आत २०० किंवा ४०० ग्रॅम इन्सुलेशन (ऊब धरणारा थर, आकडा जास्त तितकी ऊब जास्त) असलेले. पायाला हे एकदम छान बसतात, पण स्टेशनवर उभं राहिल्यावर बोटं गारठतील का? शिवाय इथे चिनूक नावाचा गरम वारा येतो, काही तासांत तापमान मायनस १५ वरून प्लसमध्ये जातं, बर्फ वितळतो आणि रात्री तेच पाणी फुटपाथवर गोठून बसतं. ऑफिसमधले सगळे म्हणतात की ताज्या बर्फाची काळजी करू नका, या पातळ थराची करा. तर २०० घेऊ की ४००? आणि एकाच जोडीत दोन्ही कामं होतात का, का उगाच हट्ट करतोय?

प्रतिसाद १:
हट्ट अजिबात नाही, इथे खूप जण एकाच जोडीवर हिवाळा काढतात, आमचंही घर त्यात आलं. हायकिंगच्या आकाराचेच घ्या. पॅक बूट मासेमारीला किंवा बर्फ उपसायला उत्तम, पण त्यात पाय घट्ट राहत नाही आणि उतारावर बोटं पुढे आपटतात. २०० ग्रॅम चालत्या माणसाला पुरतं. पण तुम्हाला गाडी नाही, रोज उभं राहायचंय, म्हणून मी ४०० म्हणेन. हाईकला पाय थोडे घामेजतील, तेव्हा मोजे पातळ घाला. बॉक्सवर मायनस ३२, मायनस ४० लिहिलेलं असतं त्यावर फार जाऊ नका, प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो आकडा ठरवते.

उबेपेक्षा जास्त लक्ष सोलकडे द्या. थंडीत साधं रबर कडक होतं आणि मग खोल खाचा असल्या तरी गुळगुळीत बर्फावर पकड मिळत नाही. टोरोंटोच्या काईट संशोधन संस्थेत तिरका करता येणारा बर्फाचा मजला आहे, त्यावर माणसांना बूट घालून चालवतात आणि निकाल 'रेट माय ट्रेड्स' या साइटवर टाकतात. ७ अंशांच्या उतारावर न घसरता चढता-उतरता आलं तर एक हिमकण, म्हणजे पास व्हायची किमान खूण, मिळतो. २०१६ मध्ये त्यांनी ९८ बूट तपासले होते, त्यातले दहा टक्केसुद्धा पास झाले नाहीत!! तेव्हा टिकलेल्यांत व्हिब्रम आर्क्टिक ग्रिप आणि ग्रीन डायमंड या सोलचे बूट होते. आर्क्टिक ग्रिप तर खास ओल्या बर्फासाठीच बनवलंय, म्हणजे चिनूकनंतर तुम्हाला जे भेटणार आहे तेच. साइट बघून मगच दुकानात जा.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत, फक्त एक सांगतो, जॉन्स्टन कॅनियनला कुठलाही बूट एकटा पुरत नाही. लोकांनी तुडवून तुडवून वाट काचेसारखी झालेली असते, त्यामुळे बुटावर चढवायचे मायक्रोस्पाइक्स, म्हणजे रबरी पट्ट्याला लावलेली धातूची टोकं, हवेतच. बजेटमधले ६०-७० डॉलर त्यासाठी बाजूला काढा आणि बूट थोडा स्वस्त घ्या. शहरात मात्र ते बॅगेतच ठेवा, नुसत्या काँक्रीटवर टोकं बोथट होतात आणि दुकानातल्या फरशीवर उलट घसरायला होतं.

साईझ बघायला संध्याकाळी जा, तोपर्यंत पाय थोडे सुजलेले असतात, आणि मेरिनो लोकरीचे मोजे घालूनच बूट घालून बघा. बोटं मोकळी हलली पाहिजेत, टाच जागची हलता कामा नये. घट्ट बूट कितीही महाग असला तरी रक्त नीट फिरत नाही आणि बोटं सुन्न पडतात. सुती मोजे हिवाळाभर विसरा, घाम धरून ठेवतात. घरी आल्यावर मिठाचे पांढरे डाग ओल्या फडक्याने पुसा आणि बूट हीटरला टेकवून वाळवू नका, सोलचा गोंद सुटतो.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार, फार मोठी चिंता मिटली. ४०० ग्रॅम, आधी साइट बघून सोल, आणि मायक्रोस्पाइक्स वेगळे, असं पक्कं केलंय. एकच उरलं. बायकोचे पाय फार लहान आहेत, बायकांच्या सेक्शनमध्ये तिचा नंबर सहसा नसतोच, मुलांचे बूट बसतात आणि स्वस्तही पडतात. पण ते फार मऊ असतात, बोटांनी पिळले तरी वाकतात. अशा सोलवर मायक्रोस्पाइक्स नीट बसतात का? कुणी चढाला वापरले असतील तर सांगा, शनिवारी खरेदीला जाणार आहोत.

प्रतिसाद २:
बसतात, पण मऊ सोल चढावर मधे वाकतं आणि रबराचा पट्टा टाचेवरून निसटतो. वहिनींसाठी त्यापेक्षा बायकांच्या हायकिंग बुटांत लहान नंबर ऑनलाइन शोधा, आणि स्पाइक्स घेताना दुकानातच ते बुटावर चढवून, जिन्यावर चार पावलं चालून मगच पैसे द्या.