बाईंच्या नृत्यवर्गाची नोंद कशी करावी?

प्रश्न: लालबागच्या आमच्या चाळीत बाईंनी 45 वर्षे भरतनाट्यम शिकवले. 1982 च्या गिरणी संपात ज्या घरांतला पगार थांबला, त्या घरांतील मुलींकडे त्यांनी फीचा विषयही काढला नाही. आता पुनर्विकासासाठी चाळ रिकामी होणार आहे. त्यापूर्वी काय जपून ठेवावे?

उत्तर १: मीही त्यांची विद्यार्थिनी. सत्कारापेक्षा त्यांचा एखादा वर्गच चित्रित करावा, असे मला मनापासून वाटते. तट्टुकळीचा, म्हणजे ताल देण्याच्या लाकडी काठीचा, ठोका थांबवून, ‘तैय्या तै’ म्हणत त्या आमचे गुडघे स्वतःच्या हाताने बाहेर वळवीत आणि अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याची स्थिती, नीट बसेपर्यंत पुढे जात नसत. हे कोणत्याही छायाचित्रात येणार नाही.

उत्तर २: त्यांनी मराठी रचना शिकवल्या असतील, तर त्या अवश्य ध्वनिमुद्रित कराव्यात. तंजावरच्या सरफोजीराजांच्या मराठी निरूपणांना, म्हणजे नृत्यासाठीच्या गीतरचनांना, मुंबईत नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमारांनी पुन्हा नृत्यरूप दिले, तेही हस्तलिखितांचा अभ्यास करून; पण शब्द कागदावर उरतात, अभिनय मात्र गुरूच्या देहातच असतो.

प्रश्नकर्ती: आभार. बाईंना विचारले, रविवारी सकाळी या, पण सरावाच्या साडीतच या, असे त्या म्हणाल्या.