इलेक्ट्रिकल इंजिनिअरांची संस्था १८८४ ची की १९६३ ची?

केळीवाला_रावेर:
जळगावला इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात आयईईईची, म्हणजे इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेची, विद्यार्थी शाखा निघतेय, संस्थेची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. कुठे १८८४ लिहिलंय, कुठे १९६३. खरं काय? आणि एडिसननं काढली का?

वायरमन_धुळे:
दोन्ही बरोबर. १८८४ ला न्यूयॉर्कमध्ये एआयईई (अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स) निघाली, १९१२ ला रेडिओवाल्यांची आयआरई (इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्स). १ जानेवारी १९६३ ला दोन्ही मिळून आयईईई झाली. एडिसन आणि ग्रॅहॅम बेल सुरुवातीच्या उपाध्यक्षांमध्ये होते.

दीपनगर_निवृत्त:
भाऊ, नुसती सालं सांगू नको, कारण सांग. १८८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात फिलाडेल्फियाला विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन होतं. परदेशातून मोठमोठी माणसं येणार. लंडनला १८७१ पासून तारवाल्यांची सोसायटी होती, आणि अमेरिकेत पाहुण्यांना सामोरं जायला विजेवाल्यांची एक संस्था नाही! म्हणून १३ मे ला न्यूयॉर्कात सभा भरली. अध्यक्ष झाले नॉर्विन ग्रीन, वेस्टर्न युनियन तार कंपनीचे प्रमुख. शिक्षणानं ते डॉक्टर, पण तेव्हा विजेचा मोठा धंदा तारेचाच होता. पहिली तांत्रिक सभा ऑक्टोबरात फिलाडेल्फियालाच झाली.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. १६ मे १८८८ ला याच संस्थेपुढे टेस्लानं एसी (दिशा बदलत राहणाऱ्या विजेच्या) मोटरवरचा निबंध वाचला. तुमच्या केळीला पाणी देणारी मोटर उघडून बघ. स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाच्या, खाचांत तांब्याची वेटोळी, आतला फिरणारा रोटर मोकळा, त्याला वीज पोचवायला ना ब्रश ना कम्युटेटर. स्टेटरमध्ये चुंबकीय क्षेत्र फिरतं आणि रोटर त्याच्या मागे ओढला जातो. इटलीत फेरारीसनंही त्याच वर्षी हे मांडलं होतं, आणि थ्री फेजची पिंजरा-रोटरवाली (पिंजऱ्यासारख्या सळयांचा रोटर असलेली) मोटर १८८९ ला दोलिवो-दोब्रोवोल्स्कीनं केली. सगळं श्रेय टेस्लाच्या एकट्याच्या नावावर टाकू नको, हे पोरांना नक्की सांग.

केळीवाला_रावेर:
आप्पा, मग मी मोटरवरूनच सुरुवात करतो. प्रदर्शनाचं नंतर.

दीपनगर_निवृत्त:
कर. गावातल्या वायंडिंगवाल्याकडून जळालेली मोटर माग. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की त्याच्या दारात ढीगच असतो. स्टेटर आणि रोटर दोन्ही टेबलावर मांड, आणि रोटर आधी पोरांच्या हातात दे.